अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

आमच्या सीमाभागातल्या कुठल्याही खेड्यात जावे. ग्रामपंचायतीच्या कचेरीशेजारी किंवा देवळाच्या मागच्या बाजूला एक बुटकी खोली दिसते. भिंतीवर पोपट, आंबा, कमळ रंगवलेले असते, दारात लहान लहान चपलांचा ढीग असतो आणि वर कानडी अक्षरांत पाटी असते. भाषेच्या प्रश्नावर लिहिताना आम्ही पाट्यांचा हिशेब नेहमीच मांडत आलो आहोत. कोठे मराठी पुसली, कोठे ती खाली सरकली, कोठे ती लिहिलीच नाही, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. परंतु या एका पाटीकडे थांबून पाहावे. तिच्यावरचा शब्द आहे अंगणवाडी. लिपी कानडी, शब्द मराठी घडणीचा. हाच शब्द तेलंगणात, ओडिशात, बिहारात, काश्मिरात सरकारी कागदावर चालतो. मराठीत बाहेरून किती शब्द आले याची मोजदाद आपण करतो. मराठी मातीत रुजून सबंध देशात गेलेल्या या शब्दाची आठवण मात्र आपण क्वचितच काढतो.

हा शब्द ज्यांच्या कामातून रूढ झाला, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र आम्ही या भाषा विशेषांकासाठी निवडले आहे. त्यांना जाऊन अर्धशतक उलटले. बालशिक्षणाच्या क्षेत्रात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण बाहेरच्या वाचकाला त्या बहुधा पुस्तकातल्या एका धड्याएवढ्याच ठाऊक असतात. लहान मुलाचे शिक्षण, घरातले दारिद्र्य आणि घरातली बोली या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हे त्यांनी भाषणात सांगण्यापेक्षा करून दाखवले. म्हणूनच सीमाभागाला त्यांचे चरित्र जवळचे वाटायला हवे.

मुंबई, अमरावती, राजकोट

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. घरचे वळण प्रार्थनासमाजाचे होते. ज्या काळी मुलीला चार बुके शिकवणे हेही धाडस समजले जाई, त्या काळी त्या घराने मुलीला कॉलेजपर्यंत जाऊ दिले. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्यानंतर अमरावतीच्या एका वकिलाशी त्यांचा विवाह झाला. संसार मात्र टिकला नाही. 1921 मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या.

आज हे एका वाक्यात लिहून मोकळे होता येते. शंभर वर्षांपूर्वी पदवीधर, नवऱ्यापासून वेगळी झालेली आणि पदरी लहान मुलगी असलेली स्त्री समाजाच्या नजरेत काय होती, याची कल्पना वाचकांनीच करावी. रत्नाकर मतकरी यांनी ताराबाईंच्या जीवनावरून घर तिघांचं हवं हे नाटक लिहिले, त्यामुळे रंगभूमीच्या प्रेक्षकाला त्यांच्या आयुष्याची ही बाजू काहीशी परिचित आहे. आम्हाला येथे एवढेच नोंदवायचे आहे, की लहान मुलांच्या शिक्षणाचा विचार करणारी ही बाई कोणा सुखवस्तू घराच्या गच्चीवरून बोलत नव्हती. लहान मूल सांभाळून पोटासाठी घराबाहेर पडावे लागणे म्हणजे काय, हे तिला स्वतःच्या अनुभवाने माहीत होते.

नोकरीच्या निमित्ताने त्या काठेवाडात गेल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. मानाची जागा होती, पगारही बरा होता. एखाद्याने तेथेच निवृत्तीपर्यंत काढली असती आणि कोणी नावे ठेवली नसती. परंतु राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरात त्याच वेळी एक वेगळा प्रयोग चालला होता आणि त्याची वार्ता त्यांच्या कानावर आली.

भावनगरची टेकडी

भावनगरात नानाभाई भट्ट यांनी दक्षिणामूर्ती ही संस्था उभी केली होती. वकिली सोडून तेथे आलेले गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये संस्थेचे बालमंदिर सुरू केले. अडीच ते सहा वर्षांच्या मुलांना छडीवाचून, घोकंपट्टीवाचून, भीतीवाचून शिकवता येते असे गिजुभाईंचे म्हणणे होते. मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांनी वाचले होते, पण ते त्यांनी जसेच्या तसे उचलले नाहीत. गोष्टी, गाणी, बडबडगीते, नाटुकली आणि मातीतले खेळ यांची जोड देऊन त्यांनी त्या पद्धतीला इथल्या अंगणात उतरवले.

ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि 1923 च्या सुमारास त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. पुढली आठ-नऊ वर्षे भावनगर हीच त्यांची कर्मभूमी होती. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिका हे मासिक निघाले, ते आधी गुजरातीत. पुढे त्याची मराठी आवृत्ती आली आणि तिचे संपादन ताराबाईंनी वर्षानुवर्षे सांभाळले.

येथे सीमाभागातल्या वाचकाने क्षणभर थांबावे. ताराबाई मराठी घरातल्या. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी गुजराती मुलांत घालवली, गुजराती मातांशी गुजरातीत बोलल्या, गुजराती शिक्षिका तयार केल्या. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत शिकवायचे, तर शिक्षकाने ती भाषा आपलीशी करायची, हा नियम त्यांनी आधी स्वतःला लावून घेतला. मराठीवर त्यांचे प्रेम कमी होते असे कोण म्हणेल? मराठीत बालशिक्षणाचे वाङ्मय उभे करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु मातृभाषेचा आग्रह म्हणजे माझ्या मातृभाषेचा आग्रह नव्हे, तर समोरच्या मुलाच्या मातृभाषेचा आग्रह, हा फरक त्यांना भावनगरातच उमगला असावा असे आम्हाला वाटते. दोन्ही बाजूंनी ताणलेल्या आमच्या या पट्ट्यात हा फरक ध्यानात ठेवणे सोपे नाही, म्हणूनच तो मुद्दाम सांगावासा वाटतो.

दादरचे यश आणि त्यातली टोचणी

1932 च्या सुमारास ताराबाई मुंबईस परतल्या. 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. दादरची मध्यमवर्गीय वस्ती शिकलेली होती, नवे काही करून पाहण्याची तिची तयारी होती. शिशुविहाराचे नाव झाले. शिक्षिका घडवणारे अध्यापन मंदिर चालू झाले आणि तेथून बाहेर पडलेल्या कितीतरी बायकांनी महाराष्ट्रात बालमंदिरे काढली. 1939 साली गिजुभाई वारले आणि संघाच्या कामाचा भार ताराबाईंवर अधिकच आला.

हे सारे चांगले चालले असतानाच त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी उघडले ते रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत. दिवसभर आईबाप कामाला गेल्यावर जिन्यांत आणि बोळांत उंडारणाऱ्या मजुरांच्या पोरांसाठी ते बालगृह होते. तीच पद्धत हिंदुस्थानात आली तेव्हा ती पॉलिश केलेल्या लाकडी साहित्यासह आली आणि फी परवडणाऱ्या घरांच्या वाट्याला गेली. गरिबाच्या पोरासाठी निघालेले शिक्षण श्रीमंताच्या पोराचे भूषण झाले. 1931 मध्ये लंडनला माँटेसरी प्रशिक्षणकेंद्रात बोलताना गांधीजींनी हे शिक्षण खेड्यातल्या दरिद्री मुलांपर्यंत पोचावे अशी इच्छा बोलून दाखवली होती. इच्छा योग्य होती, पण मार्ग कोण काढणार? पुढे नई तालीमची योजना आली, तीही प्रथम सात वर्षांवरच्या मुलांपुरती होती. सात वर्षांच्या आतले खेड्यातले मूल कोणाच्याच हिशेबात नव्हते.

ताराबाईंनी तो हिशेब मांडायचे ठरवले. 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दादरचे जमलेले काम इतरांच्या हाती सोपवून त्या बोर्डी या गावी गेल्या.

बोर्डी : तीही एक सीमाच

बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, आजच्या पालघर जिल्ह्यातले, डहाणू तालुक्याच्या उत्तर टोकाचे समुद्रकाठचे गाव. घोलवडच्या स्टेशनावर उतरून चिकूच्या वाड्यांमधून तेथे जायचे. पलीकडे लागूनच उंबरगाव. 1945 साली हा सगळा मुलूख एकाच मुंबई इलाख्यात होता. 1960 मध्ये राज्ये वेगळी झाली आणि उंबरगाव गुजरातेत गेले, बोर्डी महाराष्ट्रात राहिली. म्हणजे आमच्यासारखाच हा सीमेवरचा मुलूख. बाजारात गुजराती, कचेरीत मराठी, बागायतदारांच्या घरी पारशी-इराणी वळणाची बोली आणि डोंगराकडच्या पाड्यांवर वारली. वारली ही मराठीच्या कुळातली मानली जात असली, तरी पाड्यावरच्या चार वर्षांच्या पोराला पुस्तकी मराठी कळत नसे आणि पुस्तकी मराठी बोलणाऱ्या गुरुजींना त्या पोराचे बोलणे कळत नसे.

गावात आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांनी शिक्षणाचे वातावरण तयार केले होते. त्या आधारावर ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. ताराबाईंच्या मदतीला आल्या अनुताई वाघ. 1910 साली जन्मलेल्या अनुताई तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झाल्या होत्या. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या. त्या बोर्डीला आल्या आणि मग आयुष्यभर तिकडच्याच झाल्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा सुरू होण्याआधीच संपलेला. या दोघींनी मिळून हजारो लेकरांचे घर सांभाळले.

ज्या वर्षी त्या बोर्डीला पोचल्या, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, जवळच तलासरी भागात झरी येथे वारल्यांचा मोठा मेळावा झाला आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. गोदूताई परुळेकर यांनी जेव्हा माणूस जागा होतो या पुस्तकात त्या लढ्याची हकीगत लिहिली आहे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी वर्षानुवर्षे, कधी जन्मभर, त्याच्या शेतावर राबायचे. अशा माणसाला त्या भागात लग्नगडी म्हणत. पावसाळा सरला की सगळा पाडा गवत कापायला जाई. पोटात अन्न नाही, अंगावर चिंधी नाही, घरात दिवा नाही. अशा घरातल्या मुलाला शाळेत का येत नाहीस असे विचारणे म्हणजे उपाशी माणसाला जेवला का नाहीस असे विचारण्यासारखे होते.

मूल येत नाही, तर शाळा जाईल

बोर्डीत पहिली बालवाडी उघडली तेव्हा गावातली मुले आली, पण आदिवासी पाड्यावरची आली नाहीत. येथे बहुतेक शिक्षणसंस्था थांबतात. आम्ही शाळा काढली, ते येत नाहीत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व नाही, असा शेरा मारून अहवाल पुरा होतो. ताराबाईंनी तो शेरा मारला नाही. मूल का येत नाही याची त्यांनी एकेक कारणे शोधली आणि प्रत्येक कारणावर वेगळे उत्तर काढले. त्यांच्या साऱ्या कामाचे मर्म येथे आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

पहिले कारण अंतराचे आणि संकोचाचे. गावातल्या स्वच्छ इमारतीत जायला उघडेनागडे मूल बुजते, त्याची आईही बुजते. मग शाळाच पाड्यावर गेली. कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडले, सारवले, एक पिशवीभर साहित्य मांडले आणि मुले गोळा केली. गावातली ती मध्यवर्ती बालवाडी आणि पाड्यावरची ती अंगणवाडी. शब्द असा जन्मला. तो कोणा समितीने कोशात बसून घडवला नाही, जेथे वर्ग भरला त्या जागेनेच तो दिला.

दुसरे कारण अस्वच्छतेचे आणि आजाराचे. अंगणवाडीचा पहिला तास अक्षरांचा नव्हताच. मुलांना न्हाऊ घालायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, खरूज-नायटा धुऊन औषध लावायचे, काही थोडे खायला द्यायचे. शहरातला कोणी पाहुणा आला तर त्याला वाटावे, ही शाळा की दवाखाना? ताराबाईंच्या मते हाच शिक्षणाचा पहिला धडा होता. अंग खाजत असेल आणि पोट रिकामे असेल, तर त्या मुलाचे ध्यान रंगीत मण्यांकडे जायचे कसे?

तिसरे कारण खर्चाचे. आयात केलेले लाकडी दट्टे आणि मनोरे पाड्यावर कोण आणणार? त्यांच्या जागी शंखशिंपले आले, चिंचोके आले, पाने, फुले, बिया, गोटे, बांबूचे तुकडे, माती आली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे समुद्रकाठी आणि रानात फुकट पडलेले होते. पद्धत तीच राहिली, फक्त तिचा दर उतरला. शिवाय मुलाला त्या वस्तू ओळखीच्या होत्या, त्यांची नावे त्याला स्वतःच्या बोलीत येत होती.

चौथे कारण धाकट्या भावंडाचे. गरिबाघरची सहा-सात वर्षांची मुलगी ही मुलगी नसते, ती घरातली दुसरी आई असते. आई मजुरीला गेली की कडेवरचे तान्हे तिच्याकडे. ती शाळेत आली तर तान्ह्याचे काय? यावर पुढे विकासवाडीची योजना आली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताईने तान्हे पाळणाघरात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत सोडायचे आणि स्वतः वर्गात बसायचे. मुलींच्या गळतीवर आजवर किती समित्या बसल्या असतील, पण याहून सरळ उत्तर आमच्या तरी वाचनात आलेले नाही.

पाचवे कारण गुरांचे. आठ-दहा वर्षांचा मुलगा दिवसभर गुरे राखतो. त्याच्या कमाईवर घराची भाकरी थोडीफार अवलंबून असते. त्याला शाळेत ओढले तर बाप त्याला परत कुरणात ओढतो. म्हणून निघाली कुरणशाळा. गुरे चरतात तेथे, झाडाच्या सावलीत, शिक्षकाने जायचे. एक डोळा गुरांवर, एक डोळा पाटीवर. मोजायला गुरे, वजाबाकीला हरवलेली शेळी. जे दिवसभर कामाला जात त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते.

सहावे कारण भाषेचे, आणि खरे तर ते पाचही कारणांच्या पोटात होते. अंगणवाडीची गाणी, खेळ आणि गोष्टी पाड्याच्या ओळखीच्या असाव्यात, बाईंनी आधी मुलांचे बोलणे कानात साठवावे आणि मग हळूहळू शाळेच्या मराठीकडे यावे, अशी ही वाट होती. बोलीला हसायचे नाही, अशुद्ध म्हणून झिडकारायचे नाही. गरीब मुलाकडे खेळणी नसतात, पुस्तके नसतात, पण भाषा असते. घरातून शाळेत आणता येण्याजोगी ती एकच मिळकत त्याच्यापाशी असते. शाळेच्या दारात तीच काढून घेतली, तर ते मूल खऱ्या अर्थाने कंगाल होते.

कोसबाडची टेकडी

1957 साली केंद्राचे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. आदिवासी पाड्यांच्या अधिक जवळ जावे हा हेतू होता. या वयात माणसे डोंगरावरून खाली, रुग्णालयाजवळ राहायला येतात. ताराबाई उलट दिशेने चढल्या. विकासवाडी, कुरणशाळा, पाळणाघर, अध्यापन मंदिर हे सगळे प्रयोग येथे एकत्र नांदले. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या शिक्षिका येथे राहत, पाड्यांवर जात, आणि जे पाहिले ते आपापल्या गावी नेत.

मधल्या काळात त्यांनी मुंबई विधिमंडळाचे सभासदत्वही पाहिले होते. 1962 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले, कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात त्याची हकीगत सांगितली, आणि 1992 मध्ये त्याही गेल्या.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. प्रथम देशात 33 प्रकल्प होते, त्यांपैकी कर्नाटकातला म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूर येथे होता. गावोगावच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, औषधोपचारासाठी पुढे पाठवणे, मातांना आहार-आरोग्याची माहिती आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा गोष्टी तिने करायच्या ठरल्या. आज देशात 13 लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या पाड्यावर सारवलेल्या एका अंगणाचा हा विस्तार आहे, ही गोष्ट लहान नाही.

परंतु खरे बोलायचे तर नाव गेले तेवढ्या लांब काम गेले नाही. सहा गोष्टींपैकी आहाराची नोंद होते, वजनाची होते, लशींची होते. शिक्षणाचे रकाने भरले जातात, पण शिक्षण राहून जाते. अंगणवाडी सेविकेला आजही पगार नसतो, मानधन असते, आणि तिच्या माथी निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची दहा कामे असतात. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरताच आहे. सहा वर्षांच्या आतल्या मुलांची काळजी घ्यावी असे घटनेचे 45 वे कलम 2002 च्या दुरुस्तीनंतर राज्याला सांगते, पण तो हक्क नव्हे, मार्गदर्शक तत्त्व आहे. ज्या वयात मुलाची भाषा घडते, नेमके तेच वय कायद्याच्या हक्काबाहेर राहिले.

आमचा सीमाभाग आणि ताराबाईंचा प्रश्न

आता आमच्या दारातले पाहू. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीड, धाराशिवकडच्या टोळ्या बेळगाव जिल्ह्यात ऊसतोडीला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत फडातच मुक्काम. आई पहाटे फडात उतरते आणि पाचटाच्या खोपटापाशी मोठी मुलगी धाकट्याला घेऊन बसते. ती मराठी बोलते, जवळच्या अंगणवाडीची बाई कानडी. कोणी तिला हाकलत नाही, पण कोणी तिला बोलावतही नाही, आणि बोलावले तरी ती काय बोलणार? डहाणूचा लग्नगडी आणि उचल घेतलेला कोयता यांत फार अंतर नाही. महाराष्ट्रात अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. कुरणशाळेचीच ती बहीण. राज्याची हद्द ओलांडली की मात्र ते मूल कोणाचेच राहत नाही.

हे चित्र एकाच बाजूचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कानडी घरातली मुले आहेत. विजापूर-सोलापूरच्या पट्ट्यात लमाणी तांड्यांवरची मुले आहेत, त्यांच्या घरची भाषा मराठीही नाही आणि कानडीही नाही. मराठी मुलाला कानडी अंगणवाडीत जे एकाकीपण येते, तेच कानडी किंवा लमाणी मुलाला मराठी अंगणवाडीत येत असणार. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी घटनेत 1956 साली 350 अ हे कलम घातले गेले. त्याची आठवण आम्ही आमच्या मुलांसाठी करून देतो. ती त्यांच्याही मुलांसाठी करून द्यायला हवी, नाहीतर आमचा आग्रह अर्धाच राहील.

आणखी एक बोचरी गोष्ट सांगितली पाहिजे. भाषेच्या मोर्चात पुढे असणाऱ्या आमच्यापैकी कितीतरी घरांतली मुले इंग्रजी के.जी.त जातात. 6 मे 2014 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा ठरवला, तो निकालही कर्नाटकातल्याच प्रकरणातला होता. अधिकाराविषयी आमची तक्रार नाही. पण निवड करता येते ती फी भरू शकणाऱ्याला. मजुराच्या वाट्याला येते ती जवळची शाळा आणि जवळची अंगणवाडी, ती जशी असेल तशी. सुस्थितीतल्या घरांनी मराठी शाळेकडे पाठ फिरवली की तिचा पट घसरतो, पट घसरला की शिक्षक कमी होतात, आणि शेवटी त्या ओस शाळेच्या बाकावर राहतो तो गरिबाचाच मुलगा. दादरच्या यशात ताराबाईंना जी टोचणी लागली, ती आम्हालाही लागायला हरकत नाही.

त्यांच्या चरित्रातून आम्ही घेण्यासारखे काय, तर फार मोठे काही नाही. फडाजवळ एक सारवलेले अंगण, दोन तास देणारी एखादी मुलगी, चिंचोके, चार गाणी आणि मुलाच्या बोलीत बोलायची तयारी. अंगणवाडीच्या बाईंना कानडीबरोबर दहा मराठी गाणी येत असतील तर त्यांना साथ द्यायची, येत नसतील तर शिकवायची, आणि त्यांच्याकडून दहा कानडी गाणी आपण शिकायची. कानडीत अंगणाला अंगळ म्हणतात. शब्द इतके शेजारी आहेत, की मधली भिंत कोणी बांधली याचेच नवल वाटावे.

पाटीवरच्या लिपीचा वाद चालू राहील आणि तो आम्ही सोडणार नाही. पण पाटीखालच्या दारातून आत जाणारे मूल आज चार वर्षांचे आहे. वाद मिटेपर्यंत ते चौदा वर्षांचे होईल. त्याच्यासाठी थांबून राहणे ताराबाईंना जमले नाही.